एका सामन्याची बखर : अलाबामा, १९७०

इ. स. २००६ मध्यें अमेरिकेंत 'टर्निंग ऑफ द टाइड' या नांवाचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. डॉन येगर हे त्याचे मुख्य लेखक असून सॅम कनिंगहॅम व जॉन पापाडॅकिस या दोन माजी खेळाडूंचीं नांवें सहलेखक म्हणून त्यावर आहेत. एका सामन्यानें दक्षिण कशी पालटली, अशा अर्थाचें त्याचें उपशीर्षक आहे. ग्रंथाचें पानोपान परीक्षण करण्याचा आमचा विचार नाहीं. त्या उपशीर्षकांत जो सिद्धान्त एका ओळींत आला आहे, तो ग्रंथापूर्वीं कित्येक वर्षें तोंडोतोंडीं चालत आला होता व पुढेंही चालूच आहे. तो इतिहासाच्या कसोटीस उतरतो कीं नाहीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

ज्या त्रैमासिकाचीं पानें सनदा, महजर व शकावल्या यांनीं भरलेलीं असतात, त्यांत अमेरिकेंतील चेंडूच्या खेळास जागा कां द्यावी, असें कोणी विचारील. १८९८ सालीं राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड काढिला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची जी हजेरी घेतली ती केवळ मराठ्यांच्याच बखरींस लागू पडते असें नाहीं. घडलेल्या गोष्टीनंतर बऱ्याच काळानें, शेवट ठाऊक असतां, एका पुरुषास मध्यें बसवून रचलेली कथा म्हणजे बखर. अशा बखरी आजही तयार होतात. त्या मोडींत नसतात इतकाच भेद. आणि ज्या बखरीचे बहुतेक साक्षीदार आपल्या काळांतले आहेत, अस्सल कागद शाबूत आहेत, ती तपासून पाहण्यानें आपल्या जुन्या बखरी वाचण्याची दृष्टि तीक्ष्ण होते, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम घटना सांगूं. अलाबामा हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दक्षिणेकडील एक राज्य. तेथें फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायानें खेळतात तो खेळ नव्हे. लंबगोल चेंडू छातीशीं धरून प्रतिपक्षाची फळी फोडीत यार्डायार्डानें पुढें सरकावयाचें, असा तो खेळ आहे. त्या राज्यांत या खेळाचें माहात्म्य किती, हें सांगण्यास आपल्याकडे पुरी उपमा सांपडत नाहीं. अलाबामा विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट, ज्यांस लोक 'बेअर' म्हणजे अस्वल म्हणत, यांचा मान राज्याच्या गव्हर्नराहून कमी नव्हता. कदाचित् अधिकच असावा. १२ सप्टेंबर १९७०, शनिवार, या दिवशीं बर्मिंगहॅम शहराच्या लीजन फील्ड या क्रीडांगणावर सुमारें ७२ हजार प्रेक्षकांसमोर ब्रायंट यांचा संघ दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाशीं खेळला. अलाबामाच्या बाजूस सर्व खेळाडू गौरवर्णीय होते. पाहुण्यांच्या बाजूस जिमी जोन्स, क्लॅरेन्स डेव्हिस व सॅम कनिंगहॅम हे चढाईचे तिन्ही मुख्य गडी कृष्णवर्णीय होते. कनिंगहॅम यांचा हा मुख्य संघांतील पहिलाच सामना. त्यांनीं बारा वेळां चेंडू घेऊन १३५ यार्ड मजल मारिली व दोनदां सीमा ओलांडिली. पाहुण्यांचे ४२ व यजमानांचे २१ असा निकाल लागला.

एवढें निर्विवाद आहे. यापुढें बखर सुरू होते. तिचीं कलमें दोन. पहिलें असें कीं, सामना संपल्यावर ब्रायंट यांनीं कनिंगहॅम यांस आपल्या पराभूत संघाच्या कपडे बदलण्याच्या खोलींत नेलें व, फुटबॉलचा खेळाडू असा असतो, अशा अर्थाचे शब्द आपल्या मुलांस ऐकविले. दुसरें कलम म्हणजे एक उक्ति : डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांस वीस वर्षांत जें एकीकरण साधलें नाहीं तें कनिंगहॅम यांनीं एका सामन्यांत साधलें.

पाठभेदांची संवय असलेल्यांनीं हें दुसरें कलम मुद्दाम पाहावें. कोठें 'साठ मिनिटें' असा पाठ आहे, कोठें 'तीन तास'. वक्ता कोण, याविषयींही एकवाक्यता नाहीं. बहुधा ब्रायंट यांचे जुने साहाय्यक जेरी क्लेबोर्न यांचें नांव घेतात; कोणी तें वाक्य खुद्द ब्रायंट यांच्या तोंडीं घालतात. ज्या सुभाषिताचा कर्ता पाठागणिक बदलतो तें कोणत्या जातीचें असतें, हें सुभाषितसंग्रह चाळलेल्या मनुष्यास सांगावयास नको. आणि 'वीस वर्षें' हा शब्द तर सर्व पाठांचा घात करितो. डॉ. किंग यांचें सार्वजनिक कार्य १९५५ च्या डिसेंबरांत याच अलाबामाच्या माँटगोमेरी शहरांत बसगाड्यांवरील बहिष्कारानें सुरू झालें. ४ एप्रिल १९६८ रोजीं मेम्फिस येथें त्यांचा खून झाला. अवघीं बारा वर्षें व चार महिने. त्यांस वीस वर्षें मिळालींच नाहींत. मृत्युसमयीं त्यांचें वय एकूणचाळीस होतें.

पहिल्या कलमाची स्थितीही फारशी बरी नाहीं. त्या खोलींत असलेल्या अलाबामाच्या खेळाडूंपैकीं कित्येकांनीं असा प्रसंग घडल्याचें नाकारिलें आहे. मुख्य नायकास मानाचें स्थान देणारी आणि ज्यांच्यासमोर ती घडली त्यांसच न आठवणारी गोष्ट, ही बखरकारांची जुनी ओळखीची आहे. कनिंगहॅम आतां हयात नाहींत. २०२१ च्या सप्टेंबरांत ते वारले. त्यांच्या खेळाच्या थोरवीस या छाननीनें कांहीं उणें येत नाहीं.

आतां शकावली मांडूं. नाटय़ कितीही रंगलेलें असो, कार्य कारणाच्या आधीं जन्मत नाहीं.

विल्बर जॅक्सन हे ओझार्क गांवचे कृष्णवर्णीय खेळाडू. अलाबामाच्या फुटबॉल संघाची शिष्यवृत्ती घेऊन येणारे ते पहिले. त्यांनीं करारावर सही केली १९६९ च्या डिसेंबरांत, म्हणजे सामन्याच्या नऊ महिने आधीं. सामन्याच्या वेळीं ते विद्यापीठाचे विद्यार्थीच होते व प्रेक्षकांत बसून सामना पाहत होते. कारण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांस मुख्य संघांत खेळूं न देण्याचा नियम १९७२ पर्यंत चालू होता. सामनाही ठरला तो १९७० सालच्या आरंभीं. त्या वर्षापासून महाविद्यालयीन संघांस अकरावा सामना खेळण्याची मुभा मिळाली व त्या मोकळ्या जागीं तो बसविण्यांत आला. तेव्हां, कृष्णवर्णीय खेळाडू घेण्यास लोकमत तयार व्हावें म्हणून ब्रायंट यांनीं हा सामना हेतुपुरस्सर घडवून आणिला, ही जी बखरीची पुरवणी आहे, ती पहिला खेळाडू घेऊन झाल्यावर उद्भवलेल्या हेतूची कथा ठरते.

जॅक्सन यांच्याही आधीं, १९६९ मध्येंच, त्याच विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघांत प्रशिक्षक न्यूटन यांनीं बर्मिंगहॅमच्या वेंडेल हडसन यांस शिष्यवृत्ती देऊन घेतलें होतें. राज्यांतील प्रतिस्पर्धी ऑबर्न विद्यापीठानें १९६८ त हेन्री हॅरिस यांस बास्केटबॉलकरितां व १९६९ त जेम्स ओवेन्स यांस फुटबॉलकरितां घेतलें. हीं सर्व विद्यापीठें ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्यें खेळतात, तिच्या फुटबॉलमधील वर्णरेषा केंटकीच्या नेट नॉर्दिंग्टन यांनीं ३० सप्टेंबर १९६७ रोजीं ओलांडिली. त्यांचे सोबती ग्रेग पेज सरावांत जबर जायबंदी होऊन आदल्याच रात्रीं वारले होते. दोघांनीं मिळून मैदानावर उतरावयाचें होतें. या मृत्यूस कोणत्याही बखरींत कनिंगहॅम यांच्या १३५ यार्डांइतकी जागा मिळत नाहीं. शिवाय १९६९ च्या ऑक्टोबरांत टेनेसी विद्यापीठाचा मिश्र संघ त्याच लीजन फील्डवर येऊन ब्रायंट यांच्या संघास ४१ विरुद्ध १४ असें हरवून गेला होता. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या हातून त्या मैदानावर पराभव होण्याची ही पहिली वेळ नव्हती.

पण सर्वांत महत्त्वाचा कागद वेगळाच आहे. १९६९ च्या जुलैंत अलाबामा विद्यापीठांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेनें ब्रायंट व विद्यापीठ यांवर संघीय न्यायालयांत दावा लाविला. गौरवर्णीय मुलांस जसें शोधून, आर्जवें करून, शिष्यवृत्त्या देऊन आणितात तसें कृष्णवर्णीय मुलांस आणीत नाहींत, हें त्यांचें गाऱ्हाणें. त्यांचे वकील यू. डब्ल्यू. क्लेमन. हे अलाबामाचेच, पण आपल्या राज्याचें विद्यापीठ मोकळेपणें घेईना म्हणून, ज्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. आंबेडकरांचें अध्ययन झालें, तेथें जाऊन त्यांनीं कायद्याचें शिक्षण पुरें केलें होतें. पुढें १९८० मध्यें अलाबामांतील पहिले कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश झाले ते हेच. सामन्यापूर्वीं दोन महिने, १९७० च्या जुलैंत, ब्रायंट यांस या दाव्यांत जबानी द्यावी लागली. दाव्यानंतर पांच महिन्यांनीं जॅक्सन यांची सही झालेली आहे. दाव्यामुळेंच ती झाली असें आम्ही म्हणत नाहीं; तसें म्हटल्यास काकतालीय न्यायाचा जो दोष आम्ही दुसऱ्यास लावितों तो आमच्याच पदरीं येईल. परंतु कावळा फांदीवर बसण्यापूर्वीं झाड कोण हलवीत होतें, हें तरी सांगावयास पाहिजे. बखरींत हा दावा एक तर येतच नाहीं, अथवा तळटीपेंत येतो.

यापेक्षांही मागें गेलें पाहिजे. कारण बर्मिंगहॅममध्यें खेळ ही केवळ करमणूक नव्हती, तो कायद्याचा विषय होता. त्या शहराच्या एका कायद्यानें गौरवर्णीय व कृष्णवर्णीय यांनीं एकमेकांशीं खेळणें हा अपराध ठरविला होता. बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल हे तर त्यांत होतेच. पण पत्ते, फांसे, डॉमिनो आणि चेकर्स नांवाचा सोंगट्यांचा खेळ हेही होते. दोन म्हातारे ओट्यावर बसून सोंगट्या सरकवूं लागले तर शहराच्या शांततेस कोणता धोका पोंचतो, हें त्या कायदेपंडितांसच ठाऊक. १९५४ च्या जानेवारींत नगराधिकाऱ्यांनीं बेसबॉल व फुटबॉल यांपुरती ही बंदी सैल केली. मे महिन्यांत वरिष्ठ न्यायालयाचा शाळांविषयींचा प्रसिद्ध निकाल झाला, आणि जूनच्या आरंभीं मतदारांनीं मोठ्या बहुमतानें ती बंदी पुन्हां घातली.

१९६१ च्या ऑक्टोबरांत संघीय न्यायाधीश ग्रूम्स यांनीं शहरांतील सार्वजनिक बागा व क्रीडास्थानें सर्वांस खुलीं करण्याचा हुकूम दिला. तो अंमलांत येण्याची वेळ आली तेव्हां, १९६२ च्या जानेवारींत, नगराधिकाऱ्यांनीं काय केलें? ६७ बागा, खेळाचीं मैदानें, गोल्फचीं मैदानें, पोहण्याचे तलाव, सर्वच बंद करून टाकिलें. आपल्या मुलाच्या पंगतीस शेजारचें मूल बसूं नये म्हणून चूलच विझविणें, असा तो प्रकार. त्याच सुमारास बेसबॉलच्या बॅरन्स नांवाच्या संघावरही हीच पाळी आली. तो ज्या सदर्न असोसिएशन नामक मंडळांत खेळे, त्यांत शेवटपर्यंत मिश्र संघ मान्य झाले नाहींत, आणि १९६१ च्या हंगामानंतर तें मंडळच मोडलें. दोन वर्षें शहरास संघ नव्हता.

ही कोंडी फोडिली ती कोणत्याही खेळाडूनें नव्हे. १९६३ च्या एप्रिल-मे महिन्यांत बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवर सत्याग्रह झाला, डॉ. किंग तुरुंगांत गेले. शाळांतील मुलें हजारोंनीं बाहेर पडलीं व त्यांवर पाण्याचे बंब आणि पोलिसांचे कुत्रे सोडण्यांत आले. जुलैंत शहरानें आपले वर्णभेदाचे कायदे रद्द केले. १५ सप्टेंबर रोजीं चर्चमधील स्फोटांत चार मुली मारल्या गेल्या. आणि १९६४ च्या वसंतांत बॅरन्स संघ पुन्हां उभा राहिला तो मिश्र संघ म्हणून. रिकवुड फील्डवर गौर व कृष्ण खेळाडू एका बाजूनें खेळले. हें कनिंगहॅम यांच्या सामन्यापूर्वीं सहा वर्षें. ज्या डॉ. किंग यांस तुलनेंत हरविण्यांत येतें, त्यांच्या कार्याचीं तीन मुख्य स्थळें, माँटगोमेरी, बर्मिंगहॅम व सेल्मा, तीनही अलाबामांतच आहेत, हेंही त्या उक्तीच्या प्रेमिकांनीं नकाशा उघडून पाहावें.

येथें एका दुव्याकडे लक्ष वेधणें जरूर आहे. तो दुवा आम्हांस शिक्षकी पेशामुळें विशेष दिसतो. विद्यापीठाचा प्रशिक्षक खेळाडू घेतो तो शाळेंतून. अलाबामांत १९६८ पर्यंत गौरवर्णीय शाळांच्या सामन्यांचें मंडळ निराळें व कृष्णवर्णीय शाळांचें निराळें होतें. गौर शाळांचे सामने विद्यापीठाच्या लोकांच्या नजरेखालीं होत. दुसऱ्या बाजूचे सामने त्यांच्या लेखीं जणूं घडतच नसत. 'ली विरुद्ध मेकन परगणा शिक्षणमंडळ' या खटल्यांत १९६७ च्या मार्चांत न्यायालयानें सबंध राज्याच्या शाळा एक करण्याचा हुकूम दिला, आणि त्याच खटल्याच्या ओघांत १९६८ मध्यें दोन्ही क्रीडामंडळें एक झालीं. ओझार्कचे जॅक्सन तेथील कॅरल हायस्कूल या मिश्र शाळेंतून खेळून पुढें आले. या एका न्यायालयीन हुकुमानें खेळाडूंची जी वाट मोकळी झाली, ती शंभर सामन्यांनीं झाली नसती. पण हुकूमनाम्यास जल्लोष नसतो आणि त्याचें चलच्चित्र निघत नाहीं.

या वाटेचें मोलही पडलें. शाळा एक करितांना बंद पडल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या. त्यांचे मुख्याध्यापक दुय्यम झाले, त्यांचे प्रशिक्षक साहाय्यक झाले अथवा घरीं बसले. टस्कीगी, अलाबामा स्टेट, अलाबामा ए. अँड एम. या कृष्णवर्णीय विद्यापीठांकडे पूर्वीं जे उत्तम खेळाडू आपोआप जात ते आतां टस्कलूसास व ऑबर्नास जाऊं लागले. एका सामन्याची सुखान्त कथा सांगणारांस हा हिशेब मांडण्याचें कारण पडत नाहीं. ज्यानें एखादी शाळा वीस-तीस वर्षें वाढविली आहे, त्यास तो मांडल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

ब्रायंट यांच्याविषयीं न्यायानें बोलावयाचें तर त्यांस खलनायक ठरविण्याचें कारण नाहीं. १९५८ मध्यें ते अलाबामास आले. १९५९ त त्यांनीं आपला संघ फिलाडेल्फिया येथें पेन स्टेटच्या मिश्र संघाविरुद्ध खेळविला; घरच्या कित्येकांस तें रुचलें नव्हतें. १९६७ च्या वसंतांत पांच कृष्णवर्णीय विद्यार्थी शिष्यवृत्तीवांचून, आपण होऊन, सरावास आले तेव्हां त्यांनीं त्यांस मैदानावर घेतलें. दुसऱ्या बाजूस, ज्या राज्यांत त्यांच्या शब्दाहून मोठा शब्द नव्हता, तेथें बारा वर्षें त्यांनीं तो शब्द उच्चारिला नाहीं. तीन राष्ट्रीय विजेतेपदें त्या काळांत त्यांनीं निखळ गौर संघांवर मिळविलीं. १९६६ त त्यांचा संघ अपराजित असूनही मतगणनेंत तिसरा आला, आणि राज्याच्या वर्णनीतीचें ओझें संघाच्या माथीं पडलें असें तेव्हांही बोललें गेलें. १९६९ त संघ अकरा सामन्यांपैकीं पांच हरला. बदलाची निकड त्यांस सामन्याच्या एका सायंकाळीं कळली असें मानणें म्हणजे त्या चतुर पुरुषास मंदबुद्धि ठरविणें होय. काळ पाहून चालणारा व्यवहारी मनुष्य, असा त्यांचा निवाडा आम्ही देतों. भक्तांस तो कमी वाटेल.

गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांची गोष्ट याच पटावरची आहे. तरुणपणीं ते मुष्टियुद्धांत राज्याचे विजेते होते, आणि राजकारणही ते आखाड्याप्रमाणेंच करीत. ११ जून १९६३ रोजीं व्हिव्हियन मलोन व जेम्स हुड या दोन विद्यार्थ्यांस अडविण्यासाठीं ते विद्यापीठाच्या दारांत उभे राहिले, तें छायाचित्र जगभर गेलें. तें दार कोणतें, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें. तें दार कोणत्या वर्गाचें अगर ग्रंथालयाचें नव्हतें. फॉस्टर ऑडिटोरियम नांवाच्या व्यायामशाळेचें होतें. प्रवेशाची नोंदणी तेथें होई, आणि विद्यापीठाचे बास्केटबॉलचे सामनेही त्या काळीं तेथेंच होत. जेसी ओवेन्स, ज्यो लुई, विली मेज, हँक ॲरन हे सर्व अलाबामांत जन्मलेले. यांपैकीं एकासही त्या दारांतून खेळाडू म्हणून आंत जातां आलें नसतें. १९७० च्या त्या सामन्यांत पाहुण्यांकडून धांवलेले क्लॅरेन्स डेव्हिस यांचें जन्मगांवही बर्मिंगहॅमच. लहानपणींच राज्य सोडल्यामुळें ते परके म्हणून परत आले.

आतां त्या उक्तीचा वाक्यार्थ. मीमांसकांच्या परिभाषेंत हा अर्थवाद आहे. यूपास सूर्य म्हटलें तर कोणी यूपाकडे पाहून डोळे मिटीत नाहीं. प्रत्यक्षाशीं विरोध आला म्हणजे तें वाक्य गुणवाद समजून त्याचा स्तुतिपर अर्थ घ्यावयाचा. कनिंगहॅम यांची स्तुति म्हणून ही उक्ति कोणी म्हणाला असता तर आमची तक्रार नव्हती. पण तिच्यावरून ग्रंथांचीं उपशीर्षकें होऊं लागलीं, म्हणजे अर्थवाद विधीच्या आसनावर बसूं लागला. आणि त्या स्तुतीच्या पोटांत जी निंदा आहे, ती कोणाची? तुरुंगांत गेलेल्यांची, पाण्याच्या माराखालीं उभ्या राहिलेल्या मुलांची, दावे लावणाऱ्या विद्यार्थ्यांची. त्यांचे श्रम व्यर्थ, आणि खेळाडूच्या मांड्यांचें बळ सार्थ, असा तिचा निष्कर्ष आहे.

याहून खोल एक दोष आहे. 'अधिकार' हा शब्द आज आपण हक्क या अर्थीं वापरतों. मीमांसेच्या सहाव्या अध्यायांत तो चर्चिला आहे तो यज्ञ करण्यास कोण पात्र या अर्थीं. सर्वांस अधिकार असावा, हें बादरीचें मत जैमिनींनीं तेथें नोंदविलें व बाजूस सारिलें. सामर्थ्य असूनही शूद्रास अधिकार नाहीं, असा सिद्धान्त तेथें ठरला, आणि त्याचें फळ आपल्या समाजानें किती शतकें भोगलें हें येथें सांगावयास नको. अलाबामाच्या बखरींत याच्या उलट क्रम दिसतो : आधीं अलौकिक सामर्थ्य दाखवा, मग अधिकार मिळेल. कनिंगहॅम यांनीं त्या दिवशीं चाळीस यार्डच मजल मारिली असती, अथवा चेंडू हातून निसटला असता, तर? बखरीच्या तर्काप्रमाणें अलाबामाच्या कृष्णवर्णीय मुलांनीं आणखी कांहीं वर्षें बाहेर थांबावयास हवें होतें. उत्कृष्टास जें मिळतें तें बक्षीस. नागरिकाचा हक्क साधारण मनुष्यासही मिळतो म्हणूनच तो हक्क. गौरवर्णीय मुलास राखीव खेळाडूंच्या बांकावर बसून चार वर्षें काढण्याची मुभा होतीच. शाळेचें क्रीडांगण सांभाळलेल्या कोणासही विचारा, संघ बहुतांशीं अशाच मुलांचा असतो.

म्हणून १९६७ च्या त्या पांच विद्यार्थ्यांचें महत्त्व आम्हांस या सर्व प्रकरणांत अधिक वाटतें. डॉक रोन हे त्यांतले पुढारी. त्यांस कोणी शोधीत आलें नव्हतें, शिष्यवृत्ती नव्हती, ते कोणी विख्यात खेळाडू नव्हते. आम्ही या विद्यापीठाचे विद्यार्थी आहों, सबब आम्हांसही खेळून पाहूं द्या, एवढेंच त्यांचें मागणें. त्यांपैकीं कोणीही पुढें विद्यापीठाकडून अधिकृत सामना खेळला नाहीं. एक, आर्थर डनिंग, पुढें जॉर्जिया राज्यांतील ऑल्बनी स्टेट विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. या पांचांची कथा सांगणें कठीण, कारण तिच्यांत धांवसंख्या नाहीं.

सामन्यानें कांहींच झालें नाहीं, असा आमचा पक्ष नाहीं. ज्या प्रेक्षकांस जॅक्सन यांचें येणें सलत होतें, त्यांपैकीं कांहींचीं तोंडें त्या सायंकाळनंतर बंद झालीं असतील. हरण्याची चीड तत्त्वाच्या चिडीहून मोठी असते. पुढच्या वर्षीं, १० सप्टेंबर १९७१ रोजीं, लॉस एंजेलिस येथें याच प्रतिपक्षाविरुद्ध मोबील गांवचे जॉन मिचेल अलाबामाकडून उतरले, व अलाबामानें १७ विरुद्ध १० असा जय मिळविला. मिश्र संघानें मिळविलेला हा जय लोकांस पचविण्यास सोपा गेला असावा. परंतु ज्या 'दक्षिणे'चें परिवर्तन त्या सामन्यानें झालें म्हणतात, तिच्या राजकारणाची गति त्या सामन्यावरून समजत नाहीं. सामन्यापूर्वीं तीन महिने, २ जून १९७० च्या पक्षांतर्गत दुसऱ्या फेरींत, वर्णद्वेष उघड चेतवून वॉलेस यांनीं सौम्य वृत्तीच्या अल्बर्ट ब्रुअर यांस हरविलें होतें. सामन्यानंतर दोन महिन्यांनीं, नोव्हेंबरांत, तेच वॉलेस गव्हर्नर म्हणून निवडून आले. लीजन फील्डवरच्या पराभवानें त्यांची मतें घटलीं असें कोठें दिसत नाहीं.

त्याच नोव्हेंबरच्या निवडणुकींत आणखी एक गोष्ट घडली. १९६५ च्या मतदानाच्या कायद्यानें ज्यांचीं नांवें यादींत चढलीं होतीं त्या टस्कीगी भागांतील मतदारांनीं थॉमस रीड व फ्रेड ग्रे यांस राज्याच्या विधिमंडळांत धाडिलें. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळानंतर तेथें बसणारे हे पहिलेच दोन कृष्णवर्णीय सभासद. यांपैकीं ग्रे हे माँटगोमेरीच्या बहिष्कारांत डॉ. किंग यांचे वकील होते, आणि ज्या मेकन परगण्याच्या खटल्यानें राज्यांतील शाळा व त्यांचे खेळ एक झाले, तो चालविणारे वकीलही तेच. त्या हंगामांत अलाबामाचा संघ सहा सामने जिंकला, पांच हरला, आणि एक बरोबरींत सुटला.